ब्रिटनमध्ये नर्सची नोकरी : लायसन्स तर हजारोंकडे आहे, पण व्हिसाला शेवटपर्यंत साथ देणारं हॉस्पिटल कसं ओळखायचं?

मागच्या महिन्यात जत तालुक्यातले एक शेतकरी मुलीला घेऊन आमच्या ऑफिसात आले. मुलीचं जीएनएम झालंय, मिरजेच्या एका हॉस्पिटलात चार वर्षांचा अनुभव आहे. मोबाइलमध्ये एक पीडीएफ होती. ब्रिटनमधल्या एका कंपनीचं ऑफर लेटर, वर रंगीत लोगो, खाली सही-शिक्का. एजंटाने चौदा लाख सांगितले होते. चार लाख आधी, बाकीचे व्हिसा लागल्यावर. पन्नास हजार टोकन म्हणून फोनवरून पाठवूनही झाले होते. उरलेल्या पैशांसाठी दोन एकर द्राक्षबाग गहाण टाकायची बोलणी चालू होती.

त्यांचा प्रश्न साधा होता. "साहेब, एजंट म्हणतोय कंपनीकडं तिथल्या सरकारचं लायसन्स हाय. मग भ्यायचं कशाला?"

आम्ही तपासलं. त्या नावाच्या कंपनीकडे लायसन्स खरंच होतं. आणि तरीही त्या लेटरवर मुलीला व्हिसा मिळणं शक्य नव्हतं. असं कसं, ते समजून घेतलं तर आपल्या भागातल्या बऱ्याच घरांचे पैसे वाचतील. नर्सिंग केलेल्या मुली प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि असे मेसेज जवळपास प्रत्येकीच्या फोनवर येतात.

लायसन्स म्हणजे काय, आणि काय नाही

ब्रिटनमध्ये बाहेरच्या देशातला माणूस कामाला आणायचा तर मालकाला आधी तिथल्या गृहखात्याकडून, म्हणजे होम ऑफिसकडून, स्पॉन्सर लायसन्स घ्यावं लागतं. ज्यांना हे लायसन्स मिळालंय त्यांची यादी ब्रिटन सरकारच्या जीओव्ही डॉट यूके या वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुली आहे. 'रजिस्टर ऑफ लायसन्स्ड स्पॉन्सर्स, वर्कर्स' असं सर्च करा, मोबाइलवर यादी उतरवून घ्या आणि नाव शोधा. फुकट आहे. यादी कामाच्या दिवशी रोज बदलत असते, त्यामुळे एजंटाने पाठवलेला जुना स्क्रीनशॉट धरून चालू नका, स्वतः उघडून बघा.

या यादीत लाखाहून जास्त नावं आहेत. मोठी सरकारी हॉस्पिटलं आहेत, कॉलेजं आहेत, आयटी कंपन्या आहेत आणि कोपऱ्यावरची छोटी दुकानंही आहेत. नाव असणं म्हणजे एवढंच की या मालकाला परदेशी कामगार बोलावायची परवानगी आहे. तो तुम्हाला बोलावतोय, त्याच्याकडे जागा आहे, पगार वेळेवर देतो, यातलं काहीच त्या यादीवरून कळत नाही. आपल्याकडे खताच्या दुकानाला परवाना असतो, म्हणून उद्या युरिया मिळेलच असं कुणी धरत नाही, तसंच.

यादीत नावापुढे रेटिंग असतं, तेही बघा. 'ए' असेल तर ठीक. 'बी' असेल तर होम ऑफिसला त्या मालकाच्या कारभारात गडबड दिसली आहे आणि सुधारायला मुदत दिली आहे असं समजा. बी रेटिंगवाल्याला नवीन माणूस बोलावता येत नाही. त्याच ओळीत कोणत्या प्रकारच्या व्हिसाचं लायसन्स आहे हेही लिहिलेलं असतं. नर्ससाठी तिथे 'स्किल्ड वर्कर' असंच हवं.

लायसन्स परत घेतलं जाऊ शकतं, हे तर आपल्याकडे कुणीच सांगत नाही. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात ब्रिटन सरकारने वृद्धांची आणि आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या, म्हणजे केअर क्षेत्रातल्या ४७० हून अधिक मालकांची लायसन्स रद्द केली. या मालकांशी जोडलेल्या कामगारांचा सरकारी आकडा ३९ हजारांच्या वर आहे. लायसन्स गेलं की कामगाराची काही चूक नसली तरी त्याच्या व्हिसाची मुदत तोडतात. साधारण ६० दिवस मिळतात, आणि व्हिसाच त्याआधी संपत असेल तर तेवढेही मिळत नाहीत. त्या दिवसांत दुसरा लायसन्सवाला मालक शोधून नवा व्हिसा अर्ज करायचा, नाहीतर परत यायचं. घरी वीस लाखांचं कर्ज आणि तिकडे ६० दिवस, या कात्रीत सापडलेले लोक कोणत्याही पगारावर, कितीही तास राबायला तयार होतात. काही ठिकाणी तर विमानातून उतरल्यावर काम नावाची गोष्टच नव्हती. कंपनी होती, लायसन्स होतं, काम नव्हतं.

जतच्या त्या लेटरमध्ये खोट कुठे होती

लेटरवर पद लिहिलं होतं 'सीनियर केअरर'. केअर वर्कर आणि सीनियर केअरर या पदांसाठी बाहेरच्या देशातून नवीन माणसं घेणं ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून बंद केलं आहे. त्यामुळे आज भारतात बसलेल्या मुलीला या पदाचा व्हिसा कुणीही देऊ शकत नाही, लायसन्स असो वा नसो. "केअरटेकर व्हिसा, शंभर टक्के गॅरंटी" असे जे मेसेज अजून फिरतायत, ते बंद झालेल्या गाडीची तिकिटं विकतायत.

त्याच तारखेपासून बाकीच्या कामांचीही पायरी वर नेली आहे. पदवीच्या तोडीची कामंच आता मुख्यतः स्किल्ड वर्करमध्ये बसतात. त्याखालची थोडीच कामं एका तात्पुरत्या यादीत ठेवली आहेत. नेहमीच्या नोकरीसाठी वर्षाला किमान ४१,७०० पौंड पगार लागतो. नर्स आणि आरोग्यसेवेतली ठराविक पदं याला अपवाद आहेत, कारण त्यांचा पगार सरकारी वेतनश्रेणीने ठरतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, नोंदणी झालेल्या नर्सची सुरुवात 'बँड ५' ला होते. २०२५-२६ मध्ये ती वर्षाला ३१,०४९ पौंड होती. लेटरवर याच्याहून बराच कमी किंवा डोळे दिपवणारा जास्त आकडा असेल तर थांबा.

लेटरमधली दुसरी खोट म्हणजे ईमेल पत्ता. तो जीमेलचा होता. एनएचएसच्या हॉस्पिटलांचे ईमेल एनएचएस डॉट नेट किंवा एनएचएस डॉट यूके असे संपतात. खासगी हॉस्पिटल असेल तर त्याच्या स्वतःच्या वेबसाइटचं नाव ईमेलमध्ये असतं. आमचा अंदाज असा की त्या कंपनीला या लेटरचा पत्ताही नसेल. तिचं नाव यादीतून उचललं आणि लोगो चिकटवला.

आणि सगळ्यात मोठी खोट मुलीनेच बोलता बोलता सांगितली. "इंटरव्ह्यू एजंटनंच घेतला, फोनवर, दहा मिनिटं." हॉस्पिटलमधल्या कुणीही, वॉर्डाच्या वरिष्ठ नर्सने किंवा भरतीवाल्यांनी, व्हिडिओवर समोर बसून कामाबद्दल प्रश्न विचारले नसतील तर ती नोकरी नाही.

पैसे कोण भरतंय, तिथेच सगळं कळतं

चांगला मालक ओळखायची एकच खूण सांगायची झाली तर आम्ही ही सांगू. तुमच्यासाठी तो स्वतःच्या खिशातून किती घालतोय ते बघा.

ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे काही खर्च मालकानेच करायचा असतो. लायसन्सची फी त्याची. प्रत्येक कामगारासाठी 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' द्यावं लागतं, त्याची फी ५०० पौंडांहून जास्त आहे, तीही त्याचीच. त्याशिवाय 'इमिग्रेशन स्किल्स चार्ज' नावाचा कर आहे. मोठ्या मालकाला तो माणशी वर्षाला हजार पौंडांच्या वर पडतो. म्हणजे तीन वर्षांसाठी एक नर्स आणायची तर मोठं हॉस्पिटल सरकारलाच साडेतीन हजार पौंडांहून अधिक मोजतं. स्किल्स चार्ज कामगाराकडून वसूल करायला आधीपासूनच बंदी होती. ३१ डिसेंबर २०२४ पासून लायसन्सची आणि सर्टिफिकेटची फी वसूल करायलाही बंदी आली. असं करताना सापडलं तर लायसन्सच जाऊ शकतं.

याच्या वर एनएचएसची बरीच हॉस्पिटलं व्हिसाची फी, विमानाचं तिकीट, सुरुवातीच्या काही आठवड्यांचं राहणं आणि तिथल्या परीक्षेची पहिली फी हेही देतात. सगळीच देतात असं नाही, म्हणून विचारायचं.

आता हिशोब बघा. ज्या हॉस्पिटलने तुमच्यावर एवढा पैसा घातला आहे, त्याचा पैसा तुम्ही तिथे टिकलात तरच वसूल होणार. तुमची परीक्षा पास व्हावी, व्हिसा वाढावा, यात त्याचं हित आहे. उलट ज्याने तुमच्या सर्टिफिकेटचेच दहा लाख घेतले, त्याचा धंदा तुम्ही विमानात बसलात तेव्हाच पूर्ण झाला. पुढे तुम्ही राहिलात काय, गेलात काय, त्याला फरक पडत नाही. उलट तुम्ही गेलात तर ती जागा परत विकता येते.

म्हणून "सीओएस विकणे आहे" हे शब्द दिसले की पुढे वाचूच नका. लोक ज्याला सीओएस म्हणतात ते हेच सर्टिफिकेट. तो भिंतीवर लावायचा कागद नसतो, होम ऑफिसच्या सिस्टिममधला एक नंबर असतो. भारतातून येणाऱ्या माणसासाठी मालकाला त्या ठराविक पदाची, पगाराची माहिती देऊन वेगळी मंजुरी मागावी लागते. मग तो नंबर तुमच्या नावाला, पासपोर्टला जोडला जातो, आणि त्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज करावा लागतो. "आमच्याकडे वीस सीओएस पडून आहेत, लवकर बोला" असं खरा मालक कधी म्हणणार नाही. त्याच्याकडे ते पडून राहतच नाहीत.

तुमच्या बाजूचा खर्च असतो, तो लपवण्यात अर्थ नाही. इंग्रजीची परीक्षा, ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची अर्ज फी, त्यांची कॉम्प्युटरवरची परीक्षा, पासपोर्ट, पोलिसांचा दाखला, टीबीची तपासणी. काही हॉस्पिटलं यातलेही पैसे रुजू झाल्यावर परत देतात. आरोग्यसेवेच्या व्हिसावर जाणाऱ्यांना तिथला आरोग्य अधिभार माफ असतो, त्यामुळे "हेल्थ सरचार्जचे चार लाख" असं कुणी मागितलं तर तेही खोटं. सगळं धरलं, क्लासची फीसुद्धा धरली, तरी खर्च चौदा लाखांच्या आसपासही पोचत नाही.

करारातली परतफेडीची अट

इथे चांगल्या हॉस्पिटलांबद्दलही सावध करायला हवं. पैसे घातलेत म्हणून बरेच मालक करारात अट घालतात की दोन-तीन वर्षांच्या आत सोडून गेलात तर खर्च परत द्यायचा. अशी अट असणं बेकायदेशीर नाही. पण इंग्लंडच्या आंतरराष्ट्रीय भरतीच्या आचारसंहितेनुसार ती उमेदवाराला आधीच स्पष्ट सांगितलेली असावी, रक्कम झालेल्या खर्चाच्या प्रमाणात असावी आणि अडचणीच्या वेळी सवलत द्यायची तयारी असावी. नुसतं 'खर्च वसूल केला जाईल' असं मोघम वाक्य असेल तर सही करायच्या आधी ईमेलने विचारा. किती पौंड, कशाकशाचे, आणि महिन्यागणिक रक्कम कमी होत जाते का. स्किल्स चार्ज किंवा सर्टिफिकेटची फी त्या यादीत घुसवली असेल तर ती कायद्याने तुमच्याकडून घेताच येत नाही.

करार इंग्रजीत, वीस-पंचवीस पानांचा असतो. कंटाळा न करता वाचा. गावातल्या शिक्षकांना, वकिलांना दाखवा. शेत खरेदी करताना सातबारा दहा वेळा बघणारे आपण, मुलीचा करार मात्र शेवटच्या पानावर सही करून परत पाठवतो.

इंटरव्ह्यूत तुम्हीही प्रश्न विचारा

आपल्या मुली इंटरव्ह्यूत फक्त उत्तरं देतात. केरळच्या मुली प्रश्नही विचारतात, कारण त्यांच्या घरात कुणीतरी आधी गेलेलं असतं, आणि भरतीत नोर्का रूट्स ही राज्य सरकारची संस्था मदतीला असते. आपल्याकडे अजून तशी वाट रुळलेली नाही, म्हणून विचारून घ्यायचं काम स्वतःच करावं लागतं.

पहिलं विचारायचं ते हे की तुम्ही भारतातून नर्स किती वर्षं घेताय, आणि आत्ता तिथे असलेल्या एखाद्या भारतीय नर्सशी माझं बोलणं करून द्याल का. नेहमी माणसं आणणाऱ्या हॉस्पिटलला या प्रश्नाचं काहीच वाटत नाही. तिच्याशी बोलणं झालं की पगार, ड्यूटी, राहायची सोय हे सगळं दहा मिनिटांत कळतं. ती मराठी नसली तरी हिंदीत बोलेल.

दुसरं, व्हिसा किती वर्षांचा आणि नंतर काय. सर्टिफिकेट जास्तीत जास्त पाच वर्षांचं देता येतं, पण बरेच मालक तीनच वर्षांचं देतात. तीन वर्षांनी पुन्हा सर्टिफिकेट, पुन्हा व्हिसाची फी. ते नूतनीकरण हॉस्पिटल नेहमी करतं का, की तेव्हा बघू म्हणतं? आधी आलेल्या किती जणींचा व्हिसा वाढवला? आत्तापर्यंत पाच वर्षांनी कायम राहण्यासाठी अर्ज करता येत होता. तो काळ बहुतेकांसाठी दहा वर्षांपर्यंत वाढवायचा सरकारचा प्रस्ताव आहे. तसं झालं तर मालकाचा आधार आणखी जास्त वर्षं लागेल, म्हणजे आज मालक निवडताना चुकणं आणखी महागात पडेल.

तिसरं, ऑस्की परीक्षा. ही प्रात्यक्षिक परीक्षा ब्रिटनमध्ये पोचल्यावर द्यायची असते, आणि ती पास झाल्यावरच नर्स म्हणून नोंदणी होते. तोपर्यंत खालच्या बँडचा पगार मिळतो. एका अर्जावर तीन संधी असतात. हॉस्पिटल तयारी करून घेतं का, दुसऱ्या वेळची फी कोण देतं, तिसऱ्यांदाही जमलं नाही तर काय करता, हे स्पष्ट विचारायचं. टाळाटाळ झाली तर समजून जा.

नवरा-मुलांना नेता येतं का, हाही प्रश्न घरून हमखास येतो. नोंदणीकृत नर्सच्या व्हिसावर नेता येतं. फक्त तिथलं घरभाडं आणि लहान मुलं सांभाळायचा खर्च आधी त्या भारतीय नर्सलाच विचारा, आकडे ऐकून घाम फुटेल.

एजंट ठेवायचा की नाही

एनएचएसच्या जागा 'एनएचएस जॉब्स' या वेबसाइटवर उघड असतात आणि अर्ज फुकट असतो. जाहिरातीत स्किल्ड वर्कर स्पॉन्सरशिप लागणाऱ्यांचे अर्जही चालतील असं वाक्य असतं, पण ते वाक्य कितीतरी जाहिरातींत छापील असतं. म्हणून आधी ईमेल करून विचारायचं की या जागेसाठी परदेशात असलेल्या नर्सचा विचार होईल का. खरं सांगायचं तर गेल्या दोनेक वर्षांत तिथे बाहेरच्या नर्सेसची भरती बरीच कमी झाली आहे. दहा ठिकाणाहून नकार येईल. गॅरंटी देणाऱ्याचं म्हणूनच जास्त ऐकू नका.

एजन्सीमार्फत जायचं तर दोन्हीकडचं तपासा. भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते. ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी आहे, आणि सरकारने बजावलेले बेकायदा एजंटही तिथे दिसतात. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, पावतीसह. ब्रिटनच्या कायद्याने तर नोकरी शोधून दिल्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायलाच एजन्सीला बंदी आहे. तिथल्या एनएचएस एम्प्लॉयर्स या संस्थेची नीट वागणाऱ्या भरती एजन्सींची यादी आहे, त्यात नाव आहे का बघा. गल्लीतलं 'व्हिसा कन्सल्टन्सी'चं ऑफिस बहुतेक वेळा या दोन्ही याद्यांत नसतं.

मूळ मार्कशीट, पासपोर्ट, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं प्रमाणपत्र कुणाकडेही ठेवायला देऊ नका. झेरॉक्स पुरते.

जर्मनीबद्दलही विचारणा होते, कारण महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. जर्मनीत अशी लायसन्सची यादी नसते. तिथे भाषा आणि तुमच्या शिक्षणाला मिळणारी मान्यता यावर सगळं अवलंबून असतं. त्यावर वेगळी बातमी करू. खर्च कोण करतंय हा प्रश्न मात्र तिथेही तसाच विचारा.

जतच्या त्या शेतकऱ्यांनी उरलेले पैसे दिले नाहीत. टोकनच्या पन्नास हजारांसाठी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. पैसे फोनवरून जाऊन तीन आठवडे उलटले होते. असा फोन पहिल्या काही तासांत केला तर रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते. पैसे अजून आलेले नाहीत आणि एजंटाचा नंबर बंद आहे. मुलगी मिरजेतली ड्यूटी सांभाळून ओईटी ही इंग्रजीची परीक्षा देतेय. ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हीत तिला हवी ती 'बी' श्रेणी मिळाली, लिहिण्यात 'सी प्लस' लागतो, तिथे थोडक्यात राहिलं. पुढची तारीख तिने भरली आहे. वडील म्हणाले, बाग यंदा चांगली आलीय, क्लासची फी त्यातून निघेल.